छातीचं दुखणं

दाढीचा साबण हाताला लागलेला होता म्हणून ज्योतीरामनं फोन स्पीकरवर टाकला. रोज सगळ्यांना तेच सांगून कंटाळलेल्या आवाजात हॉस्पिटलातली मुलगी म्हणाली, "सर, तुमची बायोप्सी गुरुवारी सकाळी ठरलीय, सोबत घरचं कुणीतरी आणा." नेमकी त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली. शिट्टी विरली तेव्हा त्याची बायको शालन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात उलथनं, चेहरा पांढराफटक. "बायपास?" ती म्हणाली. "तुमची बायपास हाय?" ज्योतीरामनं आरशातूनच तिच्याकडं पाहिलं. एका गालावर फेस, दुसरा मोकळा, असा तो उभा होता. त्याला म्हणायचं होतं, अगं, बायपास नव्हे. एवढंच. पण मग तिनं विचारलं असतं, बायपास नाही तर काय. त्यानं सांगितलं असतं, गाठीचा तुकडा काढून तपासतात. आणि मग तिनं विचारलं असतं, कुठल्या गाठीचा. ह्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या तोंडातून निघणं शक्य नव्हतं. शालन चौकटीला धरून खाली बसली. "मला का सांगितलं न्हाई तुमी? मी काय परकी हाय का?" तिचा आवाज फुटला. "छातीचं जरा निघालंय," तो म्हणाला. त्यात खोटा शब्द एकही नव्हता, आणि पुढं तेच त्याला सगळ्यात जास्त खात राहिलं.

गाठ डाव्या बाजूला होती. उजव्या बाजूला असती तर हे सगळं कदाचित झालंच नसतं, कारण काळीज उजवीकडं असतं असं शालनला कुणी पटवून देऊ शकलं नसतं. आंघोळीच्या वेळी साबण लावताना ती हाताला लागली होती, चिंचोक्याएवढी, बोटाखाली न सरकणारी. केसतोड असेल म्हणून त्यानं हळद आणि चुना लावून पाहिला. मग बोंड आत ओढलं गेलं. मग एक दिवस बनियनवर तांबूस डाग दिसला, आणि कंपनीतल्या पेंट शॉपमध्ये उभ्या उभ्या त्यानं त्या डागावर मुद्दाम काळं ग्रीस फासलं, म्हणजे शालननं धुताना नुसतं बडबडावं, विचारू नये. ती बडबडली. तेव्हापासून तो गडद टी-शर्ट घालू लागला. कंपनीत वर्षाच्या तपासणीला आलेल्या डॉक्टरनं स्टेथोस्कोप ठेवता ठेवता थांबून बोटानं दाबलं, हात वर करायला सांगितला, काखेत चाचपलं आणि चाकणच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, बाहेर चाळीसेक गडी शर्ट काढून रांगेत उभे असताना, हळू आवाजात विचारलं, "किती दिवसांपासून आहे हे?" डॉक्टरनं आवाज हळू केला म्हणून ज्योतीरामला बरं वाटलं आणि त्याच कारणानं त्याचं काळीज चर्र झालं.

छाती ह्या शब्दाबद्दल त्यानं आयुष्यात कधी विचार केला नव्हता. पुरुषाला छाती असते. ती पुढं काढून चालायचं असतं, ठोकून सांगायचं असतं. भोसरीच्या खोलीत पाच जण मिळून राहायचे तेव्हा निरंजन नावाचा एक जाडसर पोरगा होता, त्याला सगळे वहिनी म्हणायचे, कारण त्यानं शर्ट काढला की... त्या हसण्यात ज्योतीरामचाही आवाज असायचा. निरंजन पुढं उघड्यावर आंघोळ करायचा बंद झाला. आता केसपेपरवर हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी इंग्रजीत लिहिलं होतं, डावा ब्रेस्ट. हा शब्द त्यानं आजवर फक्त चिकनच्या दुकानाच्या पाटीवर वाचलेला. आणि मराठीतला शब्द तर त्याच्याच्यानं मनातसुद्धा म्हणवत नव्हता. तो शब्द आपल्या अंगावर असू शकतो, ही गोष्टच आधी त्याच्या डोक्यात शिरत नव्हती. गाठ कसली निघते ह्याची भीती होतीच, पण भीती रात्रीपुरती यायची आणि लाज चोवीस तास घरात बसून असायची. मेलो तर काय, माणसं मरतातच, असं तो स्वतःला सांगू शकत होता. पण कशानं मेला, ह्याचं उत्तर कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी देईल, आणि दुसरा कुणीतरी तोंडावर हात धरून खिडकीकडं बघेल, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

सोनोग्राफीला गेला होता तेव्हाची गोष्ट. तळमजल्यावरचा तो विभाग सगळा बायकांचा. भिंतीवर गुलाबी रिबिनी, स्वतःची तपासणी कशी करावी ह्याची चित्रं. चित्रांकडं बघावं तर चोरासारखं वाटायचं, म्हणून तो फरशीकडं बघत बसला. शेजारी स्कार्फ बांधलेल्या एका बाईनं आपुलकीनं विचारलं, "मिसेस आत आहेत का?" त्यानं मान हलवली. होय म्हणून. स्क्रीनवर जागा कमी पडल्यामुळं त्याचं नाव अर्धवटच आलं होतं आणि सिस्टर दार उघडून ओरडली, "ज्योती! ज्योतीताई कोण आहेत?" कुणी उठलं नाही. "ज्योतीताई!" स्कार्फवाली म्हणाली, "बाहेर गेल्या असतील बिचाऱ्या." ज्योतीराम बसून राहिला. ज्योतिबाला नवस बोलून आईनं ठेवलेलं नाव. त्या नावानं हाक येत होती आणि तो ते नाव आपलं नसल्यासारखा फरशीवरचे ठिपके बघत होता. हॉल रिकामा झाल्यावर तो सिस्टरपाशी गेला आणि कागद पुढं केला. ती हसली नाही. "अहो काका, मघापासून हाका मारतेय," एवढंच म्हणाली. हसली असती तर बरं, असं त्याला वाटलं. हसली असती तर तिच्यावर चिडता तरी आलं असतं. आत डॉक्टरबाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. तंबाखू, दारू, साखर. "घरात आधी कुणाला असा त्रास? आई, मावशी, बहीण?" "न्हाई," तो म्हणाला, इतक्या झटपट की बाईंनी मान वर करून पाहिलं.

बायपासची बातमी संध्याकाळपर्यंत चऱ्होलीतल्या त्यांच्या सगळ्या बिल्डिंगमध्ये पोचली आणि दुसऱ्या दिवशी कंपनीत. ती कंपनीत कशी पोचली ते त्याला कळलं नाही, पण बसमध्ये चढल्याबरोबर ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा त्याच्यासाठी रिकामी होती. लाइन लीडर ज्ञानेश त्याच्याहून कितीतरी लहान, एरवी तोंडाळ. तो स्वतः प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. "ज्योतीभाऊ, तुम्ही बसा राव. पार्ट आम्ही टांगतो. तुम्ही नुसती नजर ठेवा." ज्योतीराम बसला. समोरून कन्व्हेयरला टांगलेले पत्र्याचे पार्ट एकामागून एक रंगाच्या बूथमध्ये जात होते, आणि पोरं येता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवत होती. बिनसाखरेचा चहा आला. कुणीतरी म्हणालं, ओव्हरटाइम मारून मारून माणसाचं हार्ट जातं, कंपनीला काय त्याचं. दुसरा म्हणाला, पोरीला इंजिनिअर केली ना ह्या माणसानं. हृदयाचं दुखणं म्हणजे माणूस राबला, त्यानं घर ओढलं, चिंता गिळल्या, असा त्याचा अर्थ होतो, हे ज्योतीरामला त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं राबलो तेव्हा कुणी खुर्ची दिली नव्हती. आता खोट्या दुखण्यावर खऱ्या कष्टांचं कौतुक होत होतं आणि, लाजेची गोष्ट ही की, ते त्याला गोड लागत होतं. "स्टेंट टाकणार का बायपासच?" ज्ञानेशनं विचारलं. "बायपासच," ज्योतीराम म्हणाला. आतापर्यंत तो फक्त गप्प राहिला होता. आता शब्द त्याच्या स्वतःच्या तोंडून गेला होता.

सोपानराव संध्याकाळी आले. ज्या जागेवर ही बिल्डिंग उभी होती तिथं कधीकाळी त्यांचं ज्वारीचं रान होतं आणि आता वरचा अख्खा मजला त्यांचा. त्यांची बायपास खरीच झाली होती. "आवो ज्योतीराव, आसं त्वांड पाडून काय बसलाय? हिकडं बगा," असं म्हणत त्यांनी उभ्याउभ्याच सदऱ्याची बटणं काढली. गळ्यापासून खालपर्यंत उभा व्रण, पांढऱ्या केसांतून गेलेला. "हितनं हितपतुर फाडल्याली. सगळा पिंजरा उगाडला व्हता. आन आता बगा, रोज आळंदीपतुर चालत जातो. हार्ट म्हंजी मानाचं दुखणं हाय, त्येला लाजायचं काय?" शालन पदरानं डोळे टिपत ऐकत होती. तिला किती धीर आला ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सोपानरावांनी पिशवीतून एक लाल मखमली उशी काढली, बदामाच्या आकाराची, ऑपरेशननंतर त्यांना हॉस्पिटलातनं मिळालेली. "खोकला आला की हिला छातीशी घट धरायची. टाकं तुटत न्हाईत. आमच्या घरात आता कुणाला नको, तुमी वापरा." आणि मग अगदी सहज, जसा एखादा जाणता माणूस दुसऱ्याच्या बैलाच्या वशिंडाला हात लावतो तसा, त्यांनी हात पुढं केला. "बगू बरं तुमचं, कुटं दुखतंय नेमकं?" ज्योतीरामनं दोन्ही हातांनी शर्टाची कॉलर धरली. "दाखवा की," शालन म्हणाली, "सोपानअण्णांना कळतं त्यातलं." "थंडी वाजायली," ज्योतीराम म्हणाला. एप्रिल महिना होता. पंखा पाचवर होता. सोपानरावांनी शालनकडं बघून समजूतदारपणे मान हलवली आणि म्हणाले, "भ्यालंय मानूस. व्हतं तसं."

शालननं जेवणातलं तेल तोडलं, मीठ तोडलं, स्वतःच्याही ताटातलं. पाण्याची बादली त्याच्या हातातून काढून घेतली. देवापुढं बसली की बराच वेळ उठायची नाही, आणि आपण देवालासुद्धा चुकीच्या जागेवर कामाला लावलंय, असं त्याच्या मनात यायचं. सांगायला संधी नव्हती असं नाही. संधी रोज यायची, सकाळी चहाला, दुपारी, दिवेलागणीला. तो तोंड उघडायचा आणि दरवेळी आदल्या दिवसापेक्षा एका दिवसाचं खोटं जास्त झालेलं असायचं. एकदा जेवताना ती म्हणाली, "तुमच्या आईचंच आलंय बघा हे. सासूबाई अशाच गेल्या ना, छातीत कळ येऊन? तुमच्या घराण्यातच हार्ट हाय." घास त्याच्या हातात राहिला. सासूला तिनं पाहिलेलं नव्हतं. लग्न ठरायच्या वेळी त्यानंच सांगितलं होतं, आई हार्टनं गेली.

कळंबजवळच्या त्या गावात त्याच्या आईला, मंजुळाबाईला, सगळे हाडाची कामसू म्हणायचे. शेवटच्या वर्षात ती चुलीपुढं बसायची ती माणसांकडं पाठ करून. चोळीच्या आत लुगड्याचा फाडलेला पट्टा घट्ट आवळून बांधलेला असायचा. ज्योतीराम तेव्हा शाळेत. ती त्याला लिंबाचा पाला आणायला पाठवायची, तो पाण्यात उकळायची, आणि न्हाणीत जाऊन आतून दाराचं टरकाडं लावून घ्यायची. घरात एक वास असायचा. लिंबाचा कडू वास आणि त्याच्या खालून येणारा दुसरा. वडील त्या वासाबद्दल बोलत नसत, भाऊ बोलत नसत, आणि पाहुणे आले की उदबत्ती लावली जायची. एकदा न्हाणीचं टरकाडं लोटलं गेलं आणि पोराला दिसू नये ते दिसलं. मंजुळाबाईनं हातानं झाकलं नाही. हातात चिंधी होती, हात गुंतलेले होते. ती त्याच्याकडं बघत म्हणाली, "थानाला गाठ झाली बाबा. कुणापाशी बोलू नगंस." तो बोलला नाही. ती गेली तेव्हा वडिलांनी ओट्यावर जमलेल्या माणसांना सांगितलं, छातीत कळ आली आन गेली. माणसं हळहळली. चांगलं मरण आलं, हाल झाले नाहीत, असं म्हणाली. वडील ते इतक्या वेळा म्हणाले की त्यांना स्वतःलाही ते खरं वाटू लागलं असावं, आणि पुढं ज्योतीरामही तेच म्हणू लागला, म्हणता म्हणता त्यातलं खोटं झिजून गेलं. छातीत कळ आली. म्हणजे ही युक्ती त्याची नव्हतीच. बापानं बायकोसाठी वापरलेला तोच शब्द त्यानं अंगावर घेतला होता, जुना सदरा घालावा तसा. फक्त बापानं तो बाई मेल्यावर वापरला, आणि आपण जिवंतपणीच वापरतोय, एवढाच काय तो फरक, असं त्याला वाटलं आणि त्यानं अळणी वरणाचं ताट बाजूला सारलं.

तरीही तो बोलला नसताच. गुरुवार आला असता, सुई टोचली असती, गाठ साधी निघाली असती तर बायपासची गरज नाही म्हणाले असं सांगून मोकळा झाला असता. वाईट निघाली असती तर पुढचं पुढं. इतका हिशोब त्यानं मनाशी केलेला होता. पण बुधवारी पोरीचा, स्वरूपाचा फोन आला. ती हिंजवडीच्या पलीकडं माणला मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहायची, कंपनी जवळ पडते म्हणून. "पप्पा, मी उद्या डायरेक्ट हॉस्पिटलला येणार होते, पण ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे हो, बारानंतर निघते. घाबरू नका, आजकाल बायपास म्हणजे काही नाही." मग आवाजात एकदम शहाणपण आणून म्हणाली, "आणि ऐका, आजीचं पण हार्टच होतं ना? मम्मी म्हणाली. म्हणून मी माझं पूर्ण चेकअप करून घेतलं. ईसीजी, कोलेस्ट्रॉल, सगळं. डॉक्टर म्हणाले, फॅमिली हिस्टरी आहे तर वेळेत आलीस. सगळं क्लिअर आहे पप्पा. माझं टेन्शन घेऊ नका." "शाब्बास," ज्योतीराम म्हणाला. पोरगी खूश होती. बापाची पोर म्हणून तिनं स्वतःच्या पायानं जाऊन तपासून घेतलं होतं, आणि नको तिथं तपासून घेतलं होतं, आणि आता निर्धास्त झाली होती. फोन ठेवून तो बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून नुसता उभा राहिला. लाज म्हणजे काय हे आपल्याला कळतंय असं त्याला इतके दिवस वाटत होतं. ती लाज निराळी होती, लोक काय म्हणतील ह्याची. ही लोकांची नव्हती. ही पोरीच्या त्या खूश आवाजाची होती, आणि तिच्यापुढं पहिली अगदीच हलकी होती.

गुरुवारी पिंपरीला जाताना रिक्षात शालनच्या मांडीवर डबा, पाण्याची बाटली आणि ती लाल उशी. सांगू, रिक्षात सांगू. नाशिक फाट्याच्या सिग्नलला सांगू. रिक्षावाल्यानं आरशातून उशीकडं बघून विचारलं, "हार्टचं का काका?" आणि शालननं उत्तर दिलं. हॉस्पिटलात पोचल्यावर ती पाट्या वाचत स्वतःच लिफ्टकडं निघाली, दुसरा मजला, हृदयरोग विभाग. तो तिच्या मागोमाग गेला. बाकांवर नवरे आणि बायका, बायकांच्या हातात फायली. त्यानं तिला एका बाकावर बसवलं आणि म्हणाला, "तू हितंच बस. आत नातेवाइकाला घेत न्हाईत. मला आधी खाली एक तपासणी हाय." "मी येते की." "नगं. जागा जाईल." ती बसली. शेजारच्या म्हातारीनं उशीची चौकशी केली आणि शालन तिला सोपानरावांची हकिगत सांगू लागली. जिना उतरताना त्याला वाटलं, आपण बायकोला चुकीच्या स्टँडवर बसवून निघालोय.

खाली तोच हॉल, त्याच रिबिनी. ह्या वेळी सिस्टरला तो ठाऊक होता. तिनं दारातूनच ओरडून सांगितलं, "ज्योतीराम! ज्योतीराम काका, चला, आज बसून राहायचं नाही हां." सगळ्या बायकांनी वर पाहिलं. स्कार्फवाली आज नव्हती, पण असल्यासारखंच वाटलं. तो उठला. एका बाईनं वाटेत ठेवलेली पिशवी मुकाट्यानं बाजूला ओढली, दुसरीनं पाय आत घेतले. कुणीही हसलं नाही, तोंडावर हात धरला नाही, आपल्यातल्याच कुणाला तरी आत बोलावलंय अशा नजरेनं त्यांनी त्याला जाऊ दिलं. तेवढं अंतर चालताना त्याचे कान तापले. ह्या बायकांना आपण इतके दिवस भीत होतो आणि ह्यांच्यापैकी एकीनं विचारलं तर आपली बायको आत आहे म्हणून सांगत होतो.

आत पाठीवर झोपवलं, डावा हात डोक्याखाली. गार जेली. बधिर करायची सुई टोचली तेव्हा चुरचुरलं. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता खटकन आवाज येईल, हलू नका." आवाज आला, पत्रा पंच केल्यासारखा. त्या स्क्रीनकडं बघत होत्या, तो छताकडं. दुसरा खटका झाल्यावर तो छताकडंच बघत म्हणाला, "मॅडम, हे आईकडनं येतं का?" बाईंचा हात थांबला. "आईला होतं? तुम्ही तर नाही म्हणाला होतात." "व्हतं." "ब्रेस्टचंच?" "व्हय." त्याला वाटलं होतं त्या रागावतील. रागावायचं त्यांच्याकडं कारण होतं. पण त्यांनी तिसरा तुकडा काढला, जखमेवर कापूस दाबून धरला आणि विचारलं, "किती वय होतं त्यांचं?" "चाळिशी झाली नसंल." "तुम्हाला मुलगी आहे?" "हाय. एकच." "मग हे बघा," त्या म्हणाल्या, "तुमचा रिपोर्ट काहीही येऊ दे. चांगला आला तरीसुद्धा. तिला आजीचं सांगायचं. आजच सांगायचं. तिची तपासणी वेगळी असते, लवकर सुरू करावी लागते. तुम्ही सांगितलं नाही तर तिला कोण सांगणार?" सिस्टरनं वर पट्टी चिकटवली. "काका, आज जड उचलायचं नाही," ती म्हणाली. तो शर्टाची बटणं लावत होता आणि एक बटण चुकीच्या काजात गेलं, ते त्यानं तसंच राहू दिलं.

शालन बाकावर नव्हती, बाकाच्या कडेला उभी होती. बायपासच्या यादीत ज्योतीराम नावाचं कुणीच नाही असं खिडकीवरच्या माणसानं तिला सांगितलं होतं आणि ती त्याच्याशी भांडून आली होती. "न्हाईच म्हणायलाय तो! आपलं नावच लावलं न्हाई ह्यांनी!" तिचा श्वास लागला होता. आणि मग तिला त्याच्या शर्टातून वर आलेला कापसाचा फुगवटा दिसला. "हे काय? एवढ्यात झालं?" "शालन," तो म्हणाला, "बायपास न्हाई. बायपास नव्हतीच कधी. बायोप्सी व्हती. गाठ हाय. तुकडा काढलाय तपासायला." "कसली गाठ?" शेवटी आलाच तो प्रश्न. इतके दिवस त्याला चुकवत चुकवत तो ज्या प्रश्नापर्यंत आला होता, तो दुसऱ्या मजल्यावर, भर गर्दीत, हातात फायली घेतलेल्या माणसांच्या मधोमध विचारला गेला. "बाईमाणसाला व्हती तसली," तो म्हणाला. शालननं त्या फुगवट्याकडं पाहिलं. तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं की त्याला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. "म्हणजे हार्ट चांगलं हाय तुमचं?" "चांगलं हाय." "मग मला ह्या बाकावर कशाला बसवलं?" मला लाज वाटली, असं तो म्हणाला. "माझी?" ती म्हणाली. "माझी लाज वाटली तुमाला? तुमच्या अंगावरलं काय मी पाहिलं न्हाई?" तिचे डोळे भरले, पण ते दुःखानं नव्हे हे त्याला स्पष्ट दिसलं. ती रागानं थरथरत होती, आणि तिला पुरतं रागावू द्यावं असंच त्याला वाटत होतं, पण अजून सांगायचं संपलं नव्हतं.

"आईलाबी हेच व्हतं," तो म्हणाला. शालन हुशार होती, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा बघता बघता बदलला, राग त्यातून निघून गेला आणि त्याच्या जागी काहीतरी फार जुनं, फार साधं भय आलं. "आवो," ती म्हणाली, "पोरगी तर हार्ट तपासून बसलीय." "व्हय." "लावा फोन." "घरी गेल्यावर..." "आत्ता लावा. घरी गेल्यावर तुमी बोलायचे न्हाई. मी वळखते तुमाला."

स्वरूपानं फोन उचलला तेव्हा तिच्या मागं ऑफिसातला गलका होता. "पप्पा? तुम्ही कसे काय बोलताय? ऑपरेशन पुढं ढकललं का?" ज्योतीरामनं भिंतीकडं तोंड केलं आणि तोंडाशी हाताचा आडोसा धरला. "बाळा, नीट ऐक. तुझी आजी हार्टनं गेली नव्हती." "काय?" "तिच्या थानाला गाठ झाली व्हती. ती तिनं लपवली. आमी सगळ्यांनी लपवली. आता मलाबी तिथंच झालीय." पलीकडं नुसती खरखर. ती खरखर ऐकत तो थांबला, पाठीमागं बाकावरची कुजबुज थांबलीय हे त्याला जाणवलं, शालनचा हात त्याच्या पाठीवर होता. त्यानं सांगून टाकलं होतं. संपलं होतं. मग खरखरीतून स्वरूपाचा आवाज तुटक तुटक आला, "पप्पा, पुढचं काहीच ऐकू आलं नाही. आवाज कट होतोय. आजीचं काय? जरा मोठ्यानं बोला."

ज्योतीराम भिंतीकडून वळला. समोर सगळी माणसं त्याच्याकडंच बघत होती. त्यानं तोंडापुढचा हात काढला आणि पहिल्यापासून, मोठ्यानं, सगळं पुन्हा सांगितलं.